उपासाच्या दिवशीची गोळी

कोल्हापूर, ५ सप्टेंबर २०२४

चि. सौ. ऋतिका हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोललं की आई शेजारी कान देऊन बसते आणि तू नुसती हो-हो करतेस, म्हणून लिहूनच कळवते. भूपेशने आईच्या थायरॉइडचा रिपोर्ट पाठवला. पंच्याहत्तरची गोळी नीट पोटात जात असती तर टीएसएच एवढा चढला नसता. तू ती चहाबरोबर देत असणार, नाहीतर कॅल्शियमच्या गोळीला जोडून. बावीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. सकाळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, मग तासभर काही नाही. कॅल्शियम रात्री. डॉक्टरांशी बोलले आहे, आता शंभरची सुरू कर.

यंदा आईने चातुर्मासात सोमवार, गुरुवार, शनिवार धरलेत म्हणे. या वयात कशाला, पण देवाधर्मात मी पडत नाही. पालघरकडच्या बदलीचा माझा अर्ज अजून पडूनच आहे.

भूपेशला माझी आठवण सांग, आणि रागावलीस तरी पत्र टाक.

तुझी,
मनोरमाताई


वटार, १४ सप्टेंबर २०२४

ति. मनोरमाताईंना ऋतिकाचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. साडेपाचला आईंच्या हातावर गोळी ठेवते, पाण्याचा तांब्या देते आणि वाडीत फुलं खुडायला जाते. चहा सातला. कॅल्शियम रात्रीच. आता याहून नीट कसं द्यायचं ते तुम्हीच येऊन दाखवा. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण या घरात काही बिघडलं की आधी माझ्याकडेच बघतात.

उपास कशासाठी ते आईंनी मला सांगितलंय, पण तुम्हाला सांगायचं नाही असं बजावलंय. अगदी निर्जळी असतात, दिवेलागणीनंतरच तोंडात काही घेतात. ऐकत नाहीत.

लोभ आहेच, तो माझ्या चुका मोजण्यापुरता राहू नये.

तुमची,
ऋतिका


कोल्हापूर, २१ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. ऋतिकास आशीर्वाद.

दुसरा रिपोर्टही तसाच आला. तुझं म्हणणं मी खरं धरते, पण रक्त खोटं बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, सव्वाशेची करा. जास्त लिहीत नाही, वॉर्डात माणसं कमी आहेत. दिवाळीला येणं जमणार नाही, आईला समजाव.

मनोरमाताई


वटार, १६ डिसेंबर २०२४

ति. ताईंना सा. न.

कार्तिकी एकादशी झाली, उपास सुटले. पण आईंचं लक्षण मला बरं दिसत नाही. जेवतात पोटभर आणि अंगावरचे ब्लाउज ढगळ होत चाललेत. हात थरथरतात, झोप नाही. छातीत कुणीतरी धान कांडतंय, असं त्या म्हणतात. शेजारची नॅन्सी दवाखान्यात कामाला होती, तिने नाडी मोजली तर एकशे सोळा, तीही अडखळत. गोळी जास्त होत असेल, रक्त तपासा, असं ती म्हणाली. हे मात्र ताईचा शब्द आल्याशिवाय डॉक्टरांकडे न्यायला तयार नाहीत.

भांडण बाजूला ठेवा आणि लवकर कळवा, एवढीच माया पुरे.

ऋतिका


कोल्हापूर, २३ डिसेंबर २०२४

चि. सौ. ऋतिकास आशीर्वाद.

नॅन्सी केसपेपर काढायला बसायची, नाडीतलं तिला काय कळतं? इतके दिवस अंगाला न लागलेली गोळी आता कुठे लागायला लागली, म्हणून थोडी धडधड होणारच. मनाने बंद करू नकोस. जानेवारीअखेर रक्त तपासू. आईला जप.

मनोरमाताई


वटार, ९ फेब्रुवारी २०२५

ति. मनोरमाताईंना नमस्कार.

दोन तारखेला आईंचं उजवं अंग गेलं, वाचा गेली. तुम्ही आलात, तीन दिवस हॉस्पिटलात बसलात, परत गेलात. ठोके बिघडून रक्ताची गुठळी मेंदूत गेली, हे तुमच्यासमोरच सांगितलं त्यांनी. डॉक्टरांनी गोळीचा डोसही उतरवला. पण तुम्ही गेल्यावर जे कळलं ते लिहिते.

आता देवापुढे दिवा मी लावते. काल उदबत्तीचा जुना डबा उघडला, त्यात सुट्या गोळ्या. एक्कावन्न. पंच्याहत्तर, शंभर, सव्वाशे, सगळ्या एकत्र. उपासाच्या सकाळी आई माझ्या हातून गोळी घ्यायच्या आणि डब्यात टाकायच्या. पाणीच चालत नाही तिथे गोळी कशी चालेल? आणि औषध फेकायचं नाही, हा त्यांचा धर्म. मी गिळेपर्यंत उभी राहिले नाही. ही माझी चूक, ती मी कुणावर ढकलणार नाही.

पण ताई, उपासाचं तुम्हाला माहीत होतं. निर्जळी असतात हे मी लिहिलं होतं. गोळी त्या दिवशी घेतात का, हा एक प्रश्न बावीस वर्षांच्या नर्सला सुचला नाही. सून चुकतेय एवढं सुचलं. कोल्हापुरात बसून उंटावरून शेळ्या हाकल्यात. आठवड्यातले तीन दिवस गोळी चुकायची, त्यावर डोस वाढवलात, आणि उपास सुटल्यावर तो वाढीव डोस मी रोज त्यांच्या हातावर ठेवला. तुमच्या सांगण्यावरून.

पालघरला बदली झाल्याचं तुमचं पत्र आजच आलं. आईंना वाचून दाखवलं. त्यांना कळलं, डाव्या हाताने देवघराकडे खूण करत राहिल्या. आता सांगायला हरकत नाही. उपास त्याचसाठी होते. लेक जवळ यावी.

तेव्हा लवकर या. साडेपाचची गोळी आता तुम्ही द्या, आणि गिळेपर्यंत उभ्या राहा. आईंचा नवस फळला.

ऋतिका