भोपाळ कुठे आहे?

आनंद नगर, भोपाळ
११ फेब्रुवारी १९८७

चि. सुचेता,

आशीर्वाद नेहमीचेच, ते घेच. पण या वेळी पत्र जरा निवांत वाच. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये उभ्याउभ्या वाचू नकोस.

इथे सगळं ठीक. नव्या घरात आता बरं वाटू लागलंय. पिपलानीचं कारखान्याचं क्वार्टर सोडताना मला धास्ती होती, बाबा रोज तिकडच्या रस्त्याकडे बघत बसतील. तसं काही झालं नाही. सकाळी टाकी भरली का बघतात, भोंगा इथवर ऐकू येतो त्यावर घड्याळ लावतात आणि मग पेपर. थंडी अजून आहे. परवा बसने बिट्टन मार्केटच्या हाटात गेले होते. मटार इतका गोड मिळाला की पिशवी भरून आणला, आणि सोलायला बसल्यावर लक्षात आलं की खाणारी माणसं दोनच. निम्मा शेजारी रत्नप्रभाबाईंना दिला.

त्यांच्याकडे फोन आलाय, हे लिहिलं होतं ना? रविवारी सकाळी त्या कुंपणापाशी येऊन ओरडल्या, “नलूताई, जल्दी या! फॉरेनचा फोन आहे, मुलगी तुम्हाला आई म्हणतेय!” मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. वाटलं, तूच. अर्ध्या वाटेत सुचलं की बडोद्याला फॉरेन कोण म्हणेल.

महवश होती.

काय बोलली ते लिहिते. पण आधी थोडं मागचं लिहू दे. तुला ते पाठ आहे, तरी आपण दोघी त्यावर कधी बोललोच नाही. तू बोलायला थांबली नाहीस, आणि मी पत्रांतून पापडलोणच्यांचंच लिहीत राहिले.

तू तिला पहिल्यांदा घरी आणलंस ती दिवाळीच्या फराळाला. इराणहून शिकायला आलेली पोर, हॉस्टेलच्या मेसमध्ये तिला जेवण जात नव्हतं. चार दिवसांसाठी आली आणि राहिलीच. तिकडे इराणात राज्य बदललं, तिच्या घरून पैसे येणं थांबलं, मग बाबाच म्हणाले, हॉस्टेल सोड. बहाई म्हणजे काय हे आम्हाला कुठे ठाऊक होतं! बाबांनी विचारलं तर म्हणाली, “काका, आमचा धर्म इराणातच जन्मला, आणि इराणलाच नको झालाय.” पासपोर्टची मुदत संपली तेव्हा वकिलातीने तिच्यापुढे कागद ठेवला. धर्माच्या रकान्यात दुसरं काही लिही, लगेच शिक्का मारतो. मी तिला म्हणाले होते, “लिही ना बाई काहीतरी, देवाला सगळं कळतं.” ती हसली. “आई, देवाला कळतं, म्हणूनच तर.”

मग शिराझमध्ये तिच्या वडिलांना धरून नेलं. आगा बहराम, चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. कराचीच्या मावशीमार्फत तिच्या आईचा निरोप आला, आमचं नाव कुठेही घेऊ नका. त्याच उन्हाळ्यात त्या गावात बहाई बायकांना फाशी दिली. कोवळ्या पोरीही होत्या त्यांत. बाबा रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून बसायचे. मोठमोठ्या देशांनी विनवण्या केल्या होत्या, तरी दिली. मी म्हणत होते, बघा, जगाने ओरडून काय झालं? गप्प राहिलेलं बरं. आणि बाबा म्हणत होते, “ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही, त्याला मारायला काय लागतं?” महवश ताटावर मान खाली घालून बसलेली. तू दोन्हीकडचं ऐकत होतीस.

निर्वासिताच्या दाखल्यासाठी तुम्ही दोघी दिल्लीला गेलात. तिथे ती परदेशी पत्रकार बाई भेटली. बाकीच्या इराणी मुलांनी नाव न सांगता माहिती दिली, महवश काहीच बोलली नाही. आणि तू बोललीस. आगा बहराम हे नाव, शिराझ हे गाव, कुठल्या तुरुंगात, सगळं.

छापून आलं. त्या बाईंच्या देशाच्या रेडिओवर फारसीतूनही सांगितलं. त्यांच्या संसदेत कुणी प्रश्न विचारला म्हणे. बाबांना केवढा आनंद झाला होता! आणि नंतर कराचीहून निरोप आला की तुरुंगातल्या भेटी बंद झाल्या, कपडेसुद्धा घेत नाहीत.

स्वयंपाकघरात ती तुला जे म्हणाली, ते मला आजही ऐकू येतं. “तुझं काय गेलं? तुझे बाबा समोर बसून पेपर वाचतायत.” तिचा आवाजही चढला नव्हता. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस. मी तुला थांबवायला स्टेशनवर आले नाही, कारण घरात तिला एकटीला सोडायची भीती वाटत होती. त्या दिवशी दोघींपैकी एकीजवळच मला राहता आलं.

पुढे महिन्याभरात तिला कॅनडाने बोलावलं. निघताना नमस्कार केला आणि आपल्यासारखं “येते” म्हणाली. तेव्हापासून या घरात मुलगी अशी नाही. तू बाबांच्या निवृत्तीला आलीस, पण संध्याकाळच्या गाडीने परत. गॅसच्या वेळी तुझी तारेवर तार येत होती. तेव्हा गावात परदेशी कॅमेरेवाले फिरत होते, मेलेल्यांची नावं विचारत होते. एकदा बाबा म्हणाले, “विचारू देत. कुठेतरी लिहिलेली तर राहतील.” मला कळलं, तुझी आठवण आली होती.

सुची, आगा बहराम गेले.

डिसेंबरात, तुरुंगातच. हृदय बंद पडलं असं सांगितलं. अंगावर काय होतं ते घरच्यांना बघू दिलं नाही, परस्पर पुरलं. रविवारी महवश हे मला मराठीत सांगत होती. मराठी पुरेना तेव्हा हिंदीत, आणि मग नुसतंच “आई, आई.” रिसीव्हर पिठाने माखला होता.

मी फोन ठेवणार, तेवढ्यात म्हणाली, “थांबा. सुचेतासाठी आहे, ते सांगायचंय.”

त्यांच्याबरोबर कोठडीत असलेले एक शिक्षक मागच्या महिन्यात सुटले. ते तिच्या आईला जाऊन भेटले. ती बातमी छापल्यावर चौकशीवाल्यांनी आगा बहरामना बोलावलं आणि कात्रण पुढे आपटलं. हिंदुस्थानात तुला कोण ओळखतं, हे कुणी लिहवलं? मारलंही. सुची, हे तुझ्यापासून लपवावं असं दोन दिवस मनात होतं. पण मग पुढचंही सांगता आलं नसतं.

त्या कात्रणात तुझं एक वाक्य होतं. आपल्याला ते साधंच वाटलं होतं. “त्यांची मुलगी भोपाळला आमच्या घरी आहे, माझी आई तिला जेवल्याशिवाय झोपू देत नाही.” आगा बहरामना पोरीची काहीच खबर नव्हती. पासपोर्ट गेल्यावर ती कुठे आहे, कुणाच्या दारात आहे, आहे तरी का, काही कळत नव्हतं. इंग्रजी त्यांना येत होतं. टेबलावर पडलेल्या त्या कागदावर त्यांनी ते वाचलं.

कोठडीत परत आले तेव्हा ओठ फुटलेला होता, आणि पहिलं काय विचारलं तर “भोपाळ कुठे आहे?” कुणालाच माहीत नव्हतं. ते शिक्षक भूगोल शिकवायचे. त्यांनाही दिल्ली-मुंबईपलीकडे काही सांगता येईना. मग नव्या आलेल्या प्रत्येक कैद्याला आगा बहराम विचारायचे. एक जण म्हणाला, तिथे तलाव आहेत म्हणतात. ते त्यांना फार आवडलं. शेवटपर्यंत सांगायचे, माझी मुलगी तलावांच्या गावात आहे, एका आईजवळ आहे.

ती तोवर कॅनडात बर्फ उपसत होती, आणि ते बिचारे तिला आपल्या तलावाकाठी बघत होते.

आणखी एक. महवश म्हणाली, कॅनडाच्या अधिकाऱ्याने तिची फाईल उघडली तेव्हा तेच कात्रण वर लावलेलं होतं. दुसरा काही पुरावा तिच्याकडे नव्हताच. त्यावरच तिला घेतलं. “मला तेव्हाच माहीत होतं, आई. पण सुचेताला कसं सांगू? तिने मला वाचवलं म्हटलं असतं, तर माझ्या बाबांचं काय म्हणायचं?” मी म्हटलं, “काही म्हणू नकोस ग.” आणि खरंच, काय म्हणावं हे मला अजून समजत नाही. तू बोलली नसतीस तर ते आज असते का, की आधीच गेले असते, हे शिराझमधलं कुणीही सांगू शकणार नाही. बाबा आणि मी त्यावर आता वाद घालत नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं. पेपर बाजूला ठेवून ते अंगणात गेले. “आपण त्या माणसाला कधी बघितलंही नाही,” म्हणाले, आणि डोळे पुसले. जेवताना एकदम विचारलं, “सुचीची सुट्टी कधी असते?”

महवशने तुझा पत्ता मागितला. मी दिला नाही. म्हटलं, तिला विचारून देते. ती म्हणाली, “विचारा. आणि ती नाही म्हणाली तरी मला सांगा, मी वाट बघेन.” ती येत्या पावसाळ्यानंतर यायचं बघतेय. तिकडचा पासपोर्ट मिळालाय आता. तलाव बघायचाय म्हणाली. इथे इतकी वर्षं राहिली, पण म्हणे तिच्या बाबांसाठी बघायचाय.

तुझी खाट मागच्या खोलीत लावली आहे. नव्या घरात ती खोली अजून कुणी वापरलेली नाही, खिडकीतून सकाळचं ऊन येतं. दुसरी खाट मावेल का, ते बाबा काल दोरीने मोजत होते.

यावर उत्तर लिहू नकोस, सुची. तू ये.

तुझी
आई