साक्षीदार क्रमांक तीन

ता. शिरूर
सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

चि. सुमित,
सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे बरे आहोत. आईची साखर आटोक्यात आहे. तुझ्या दाजींची, रोहिदासची, या आठवड्यात रांजणगावला कंपनीत सेकंड शिफ्ट आहे, त्यामुळे घर शांत आहे आणि मला लिहायला सवड आहे. फोन मुद्दाम केला नाही. फोन केला की तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. पत्राला मीटिंग नसते.

शुक्रवारचा 'खुर्ची आणि कठडा'चा विशेष भाग पाहिला. नऊ वर्षं तुझी मालिका चालली आहे. मंत्री पडले, वकील बदलले, एक न्यायाधीश तर मरून परत आला, आम्ही सगळं गोड मानून घेतलं. माझा भाऊ लिहितो म्हणून वस्तीभर सांगत फिरले. पण या वेळी तू आपल्याच घरात हात घातलास.

सरपंचबाई झेंड्याची दोरी धरते आणि उपसरपंच ती तिच्या हातातून हिसकावून घेतो. हे कुणाचं आहे, सुमित? आपल्या आईचं आहे, ती सरपंच होती तेव्हाचं. आणि आई दाखवलीस कशी? गवताच्या छपरात राहणारी, अंगठा उठवणारी! आई सातवी पास आहे. ठरावाचा कागद दोनदा वाचल्याशिवाय तिनं कधी सही केली नाही. आणि तुझी सरपंचबाई भाषणाच्या शेवटी नुसतं "नमस्कार" म्हणते. जयभीम कुठं गेला? चॅनेलनं कापला असेल तर तू गप्प कसा बसलास?

आता त्या मुलीचं. सरपंचबाईची मुलगी कठड्यात उभी राहून "मला नीट दिसलं नाही" म्हणते, आणि पंचायतीचा म्हातारा शिपाई तेवढा खरं बोलतो. शनिवारी किराणा दुकानात शेजारची सीमा मला म्हणाली, "करुणाताई, ती पोरगी तुमच्यावानीच पदर घेती, न्हाई का?" अशी तिडीक आली की सामान न घेताच परतले. तू सख्खा भाऊ. बहिणीला असं उभं करताना तुझा हात अडखळला नाही?

उपसरपंचावरच्या आपल्या केसमध्ये मल्हारीमामा साक्षीला फिरला, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पंचायतीचा शिपाई, नोकरीला भ्यायला. आई सहा वर्षं त्याच्याशी बोललेली नाही. तो नळाचं पाणी सोडायला येतो तेव्हा ती दाराआड होते.

मग तू उलटं का लिहिलंस?

का ते मला माहीत आहे. तुझी बायको प्रगती फोनवर बोलून गेली. केसच्या कागदांची नक्कल तू मे महिन्यातच काढलीस. माझी साक्ष वाचलीस. तीन महिने कागद जवळ ठेवलेस आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस. विचारायचंस रे. शिव्या द्यायच्यास. टीव्हीवरून काय दाखवतोस?

मग ऐक. साक्षीच्या दिवशी आईचं दौंडला डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी एकटीच कोर्टात गेले. त्याआधी तीन दिवस रोहिदासला कंपनीच्या गेटवरून माघारी पाठवत होते. लेबरचं कंत्राट उपसरपंचाच्या पुतण्याकडं होतं. प्रांजल पोटात होती. माझ्या नावाचा पुकारा झाला, मी शपथ घेतली आणि म्हणाले, मला दिसलं नाही. दोरी हिसकावली तेव्हा मी हातभर अंतरावर फुलांचं ताट धरून उभी होते. आईचा तळहात सोलला होता. त्यात हळद मीच भरली होती.

माझ्यानंतर मल्हारीमामा उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. त्याच्या एकट्याच्या साक्षीवर केस टिकली नाही. मी दौंडला गेले तेव्हा आईच्या डोळ्यावर पट्टी होती. तिनं विचारलं, "कोन फिरलं गं?"

मी मामाचं नाव घेतलं.

बुधवार

पत्र दोन दिवस गादीखाली पडून होतं. शुक्रवारपासून आई एकच विचारत होती, "सुमितनं शिपायाला चांगला का केला?" काल मालिका लागायच्या आत तिला सांगून टाकलं. ती ओरडली नाही. चपला घातल्या आणि मल्हारीमामाच्या घरी गेली. तासाभरानं आली.

"त्याला म्हायती हुतं मी का बोलत न्हाई ते," ती म्हणाली. "म्हनला, पोर दोन जिवाची हुती, तिचं नाव कशाला घ्यायचं." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "सा वर्सं मी त्या मानसाला तोंड दावलं न्हाई, करुणा."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. आज सकाळी मामा पाणी सोडायला आला, तेव्हा तिनं त्याला ओट्यावर बसवून चहा दिला. तो कप तिनं मला धुऊ दिला नाही.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. तुझ्या शिपायाला पाच मिनिटांचं भाषण आहे. मामा कोर्टात चार वाक्यं बोलला आणि नंतर सहा वर्षं गप्प राहिला. ते लिहून दाखव. सरपंचबाईला सही करू दे, मोठ्यानं जयभीम म्हणू दे. त्या मुलीचं वाक्य मात्र आहे तसंच ठेव. ते मी शपथेवर बोलले आहे.

तुझी ताई,
साक्षीदार क्रमांक तीन,
करुणा