बोधीचं मचाण

२ मे, शुक्र.
बोधी आली. तिच्या मामानं नांदेडहून उदगीरपर्यंत आणून सोडली, तिथून मी मोटारसायकलवर देवणीला आणली. अकरा पूर्ण झाली. माझ्या खांद्याला लागते आता. सुजाता आणि मी वेगळे होऊन दोन वर्षं होतील. पोरगी तिच्या आईकडंच. कोर्टानं मे महिना मला दिलाय. पुढं कुणाकडं राहायचं ते जूनच्या तारखेला.
जेवताना एकच वाक्य बोलली. "भाजीत मीठ नाही, पप्पा."

४ मे, रवि.
क्वार्टरच्या मागं कडुनिंब आहे. बुंध्यातून तीन जाड फांद्या एका ठिकाणाहूनच फुटल्यात. बो. सकाळपासून खाली उभी राहून वर बघत होती. म्हणे, "इथं घर बांधता येईल का?" दोन दिवसांत पहिल्यांदा काही मागितलं.
डॉक्टरसाहेबांना विचारलं. झाड गुरांच्या दवाखान्याचं, मी तिथला परिचर. म्हणाले, फांदी तोडू नका, बाकी करा.
रशीदभाई सुतारानं जुन्या फळ्या काढून दिल्या. "झाडाला खिळे ठोकू नका भाऊ. जीव हाय त्याला. दोरानं आवळून बांधा."

७ मे, बुध.
चार फळ्या बसल्या. माप बो. घेते, करवत मी चालवतो. माझं माप दोनदा चुकलं. पेन्सिल कानामागं खोचून म्हणाली, "तुम्ही नुसतं धरा."
दुपारी वकिलांचा फोन. जजसाहेब पोरीला एकटीला आत घेऊन विचारणार. "समजावून ठेवा तिला. पप्पांकडं राहते एवढं म्हणली तरी लई झालं." मी हाव म्हणालो. बो. शिडीवरच होती. फोनचा आवाज मोठा असतो माझ्या.

८ मे, गुरु.
काम नाही. दिवसभर वह्या काढून बसली. संध्याकाळी भाकरी मोडता मोडता, "मी हो म्हणावं म्हणून बांधून राहिलात का हे?"
न्हाई म्हणालो.
"मम्मीनं सायकल घेतली तेव्हा तिलापण विचारलं होतं. तीपण नाहीच म्हणाली."

९ मे, शुक्र.
सकाळी चहा देताना सांगून टाकलं. काल खोटं बोललो. थोडं तू हो म्हणावं म्हणूनच होतं. आता किती त्याच्यासाठी अन् किती तुझ्यासाठी, ते माझं मलाच कळत न्हाई.
तिनं बशीतला चहा संपवला. मग उठली. "चला, ऊन व्हायच्या आत दोन फळ्या होतील."

१२ मे, सोम. बुद्धपौर्णिमा.
विहारात गेलो, दोघं पांढऱ्या कपड्यांत. वंदनेला तिचा आवाज माझ्यापेक्षा स्पष्ट. खीर वाटायला उभी राहिली. बायका विचारत होत्या, आई न्हाई आली का. तिनंच उत्तर दिलं. "मम्मी नांदेडला आहे." पुढं कुणी विचारलं नाही.

१४ मे, बुध.
फळी दोरानं वर ओढत होतो. गाठ सुटली. बो. खाली उभी. फळीचं टोक कपाळाला लागलं. तीन टाके. गाठ मी मारलेली. एकोणीस वर्षं बैल बांधतोय, एक सुटला नाही.
सरकारी दवाखान्यात रडली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "मम्मीला सांगू नका. कोर्टात तुमच्यावर येईल." अकरा वर्षांच्या पोरीनं हा हिशेब करावा. तिथंच पायरीवर बसलो.
अंधार पडायच्या आत सु.ला फोन केला. कुठं लागलं, किती खोल, ते विचारलं. मग, "उलटी झाली का? चक्कर?"
"न्हाई."
"उद्या येते मी."

१५ मे, गुरु.
सु. दुपारी आली. पट्टी बघितली, डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला. मी बो.ची बॅग भरूनच ठेवली होती. बो. म्हणाली, "मी नाही येणार. अर्धंच झालंय."
सु. झाडाखाली गेली. शिडी हलवून बघितली. "कुणी बांधली ही?"
"मी."
"सोडा. परत बांधा."
बांधली. ती शिडी धरून उभी, मी गाठी मारतोय, बो. वरून सांगतेय. अडीच तास तिघं एका कामाला. किती दिवसांनी, ते मोजलं नाही.
निघताना सु. हळूच म्हणाली, "टाक्यांचं मी कोर्टात सांगणार आहे. लपवणार नाही."
"मीबी तेच सांगणार हाय."
माझ्याकडं बघत राहिली. मग एकटीच बसमध्ये चढली.

२२ मे, गुरु.
मचाण झालं. कठडा तिन्ही बाजूंनी, वर जुनी ताडपत्री. टाके काढून आलो अन् दोघं वर बसलो. खाली गुरं रांगेत उभी. बो. पुस्तक वाचत होती, मी नुसताच. विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

३१ मे, शनि.
उदगीरला मामाच्या हवाली केली. घर...

१० जून, मंगळ. नांदेड.
साहेबांनी बो.ला आत बोलावलं. वीस-पंचवीस मिनिटं. बाहेर एकाच बाकाच्या दोन टोकांना सु. आणि मी.
बाहेर आली. डोळे लाल, चेहरा शांत. तिनंच सांगितलं. "मी म्हणाले, मला हे विचारू नका. एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याला लागतं."
सु.नं विचारलं, "मग काय म्हणाले साहेब?"
"पाणी दिलं प्यायला."
निकाल नाही. पुढची तारीख.
सु. उठली, मीही उठलो. बो. बाकावर बसली. "तुम्ही दोघं व्हा पुढं. मी येते मागून."
पायऱ्या उतरून खाली उन्हात उभे राहिलो. सु.नं विचारलं, सकाळपासून काही खाल्लं का. न्हाई म्हणालो. तिनंही खाल्लं नव्हतं.
बो. यायला बराच वेळ लागला. आम्ही थांबलो.