साक्षीदाराचा पत्ता

३ फेब्रुवारी
निवाऱ्यात बायकांच्या दोन खाटा रिकाम्या आहेत. धम्मपालने दुजोरा दिला. तो निवारा चालवणाऱ्या संस्थेचा माणूस, बेघरांची पाहणी त्याच्याकडे. स्टेशनाबाहेर उघड्यावर राहणाऱ्या सरजाबाईला सांगत होता, मी गाड्यांचं वेळापत्रक वाचतेय असं दाखवत ऐकलं.

माझा रेल्वेचा मासिक पास पंधराला संपतो. पास आहे तोवर वेटिंग रूममधून कुणी उठवत नाही. पंधराच्या आत खाट मिळाली पाहिजे.

बावीस वर्षं बातमीची पहिली ओळ अशीच लिहिली. पेपर बंद पडला, सवय राहिली.

४ फेब्रुवारी
सकाळच्या गाडीने गंगाखेड. गोदावरीत आंघोळ. घाटावर ओल्या साडीतली बाई म्हणजे भाविक— घरी का नाही न्हालात, असं तिला कुणी विचारत नाही. फुलवाली रोज म्हणते, तुमची लय श्रद्धा हाय. मी हो म्हणते. साबण मात्र पदराआड.

वाळलेली साडी घडी घालून परतीच्या गाडीत तिच्यावरच बसते. परभणी येईपर्यंत इस्त्री होते.

गळ्यात काळे मणी. लग्न कधी झालं नाही, पण मणी दिसले की पुरुष आधी आजूबाजूला नवरा शोधतात. तेवढ्यात उठून जाता येतं.

६ फेब्रुवारी
थंडी. पाठ धरली.

सरजाबाईची रीत माझ्या उलट. पार्सल ऑफिसच्या भिंतीला बोचकी लावून बसते, अंगाला वास, केसांच्या जटा. मी कंगवा देऊ केला तर हसली. म्हणाली, "जटा मुद्दाम ठिवल्यात, बाई. देवीच्या हायत म्हनलं की बाप्या हात लावीत न्हाई. तुमी न्हाताधुता, म्हनून तुमाला जागं ऱ्हावं लागतंय."

खरं आहे. चार महिन्यांत सलग तीन तास झोपलेली आठवत नाही.

७ फेब्रुवारी
आज मी गाढवपणा केला.

धम्मपाल सरजाबाईचा अर्ज भरत होता. साक्षीदार हवा— ही बाई उघड्यावर राहते हे पाहिलेला, पक्का पत्ता असलेला. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि सरळ माझ्याकडे आला. मॅडम, रोज अप-डाऊन करता ना, एवढी सही द्या.

तेव्हाच सांगायचं होतं. माझ्यासाठीही एक अर्ज काढ, एवढंच. नाही सांगितलं. तो 'मॅडम' म्हणाला आणि मी पेन उघडलं! नाव लिहिलं. पत्ता लिहिला— दादाचं घर, गल्लीसकट, पिनकोडसकट. वळणदार अक्षरात. तुमच्यासारख्यांमुळं कामं होतात, म्हणाला.

तो गेल्यावर सरजाबाई माझ्याकडे बघत राहिली. "येड्या हाव का तुमी? अजून एक खाट व्हती न्हवं."

८ फेब्रुवारी
चूक छापून आली की दुसऱ्या दिवशी खुलासा द्यायचा. पान कोपऱ्यातलं चालतं, पण द्यायचा. आज दिला नाही. रविवार होता, हे एक निमित्त.

९ फेब्रुवारी
निवाऱ्यावर जाऊन धम्मपालला सांगितलं, मलाही खाट हवी. तो माझ्या साडीकडे बघायला लागला, मग पर्सकडे. मग सरजाबाईचा अर्ज काढून माझ्यापुढे धरला. मॅडम, तुमचा पत्ता तर आमच्याकडंच आहे.

तेव्हा सगळं सांगावं लागलं. ऑक्टोबरात वहिनी म्हणाली, ईश्वरीला बघायला लोक येतात, खोली लागते, काही दिवस कुठंतरी राहून या. दादा त्या वेळी टीव्ही बघत होता. आवाज तेवढा कमी केला. मी बॅग घेतली. ट्रंक तिथंच राहिली.

धम्मपालने ऐकून घेतलं. पत्त्यावर जाऊन चौकशी करतो म्हणाला. नियम आहे.

११ फेब्रुवारी
चौकशी झाली.

दादाने सांगितलं, बहीण आमच्याकडेच असते, सध्या तीर्थाला गेलीय. वहिनीने चहा केला. खोलीत नेऊन माझी ट्रंक दाखवली— तिच्यावर धुतलेली चादर. ईश्वरीचं जिंतूरला जमलंय, रविवारी ती मंडळी घर बघायला येणार, हेही धम्मपालला तिथंच कळलं. मुलीची आत्या स्टेशनावर राहते हे त्यांच्या कानावर कसं जाऊ द्यायचं?

माझा अर्ज नामंजूर. दादाने घराण्याची अब्रू राखली. त्यात मी मोडत नाही.

१२ फेब्रुवारी
दुसरी खाट देवगाव फाट्याकडच्या एका बाईला गेली.

सरजाबाईला भेटून आले. आंघोळ घातलीय, जटा कापल्यात. ओळखली नाही. कपाळ केवढं मोठं आहे तिचं! डोकं हलकं वाटतंय का विचारलं. "हलकं हाय. पन भ्याव वाटायलंय," म्हणाली आणि पदर पुढे ओढून घेतला. आत दाराला कडी आहे, ती मी दोनदा लावून दाखवली. बाहेर पडताना मला ती कडी सोडवेना.

१३ फेब्रुवारी
आज गाडी चुकवली. दिवसभर तीच साडी.

१४ फेब्रुवारी
धम्मपाल स्टेशनावर शोधत आला. चौकशीत दादाकडून लेखी घेतलं होतं, त्याची प्रत हातात ठेवली— 'प्रमोदिनी ही माझी सख्खी बहीण असून माझ्याच घरी कायम वास्तव्यास आहे.' खाली दादाची सही, तारीख.

"आमचं दार याच्यामुळं बंद झालं, मॅडम. त्यांचं उघडायला पाहिजे."

उद्या जिंतूरची मंडळी अकराला येतात. बॅग घेऊन मी साडेअकराला पोचते. धम्मपाल सोबत येणार आहे. सगळे बसलेले असतील. दार दादाच उघडेल आणि 'ये' म्हणेल, असा अंदाज आहे.