देवाचो उजवो

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होता, तेवढ्या वयाची आता मीच झाले आहे. तरी एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, कारण ती ऐकून खवळणारं माणूस दुसरं कोणी उरलेलं नाही. मी युरोपातल्या एका चर्चमध्ये कौल लावला.

आधी खवळून घ्या, मग पुढचं ऐका. माझी लेक तिकडे नोकरीला असते, एकटीच. मला फिरायला म्हणून नेलं आणि रोज सकाळी चहाबरोबर एकच धोशा: "आये, हयच रव गो. मालवणात एकटी काय करतलंस?" माझा जीव मालवणच्या बाजारात, माझ्या मसाल्याच्या दुकानात. पण तिचा चेहरा पाहिला की 'जाते' म्हणायला जीभ रेटायची नाही. अशा पेचात आपल्या गावातले लोक कौल लावायला तुमच्याकडे यायचे. तुम्ही देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायचात, गाऱ्हाणं घालायचात. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. लहानपणी मी विचारलं होतं, उजवी म्हणजे माझ्या उजवीकडची का? भर देवळात ओरडलात, "देवाचो उजवो! तुज्या उजव्याक कोण इचारता गो?" मी कितीतरी दिवस देवळाकडे फिरकले नव्हते.

तर लेक मला तिथल्या जुन्या गावातलं मोठं चर्च दाखवायला घेऊन गेली. म्हणाली, "आये, ह्या बरोक." मी म्हटलं, "'बरो' समाजलंय, पण मागचो 'क' कसलो?" तिनं कपाळाला हात लावला. बरोक ही म्हणे जुन्या काळच्या बांधकामाची तऱ्हा. आत जाऊन बघते तर जिकडेतिकडे सोनं, आणि एक देव सरळ उभा असेल तर शपथ. कोणी मान वाकडी करून छताकडे बघतोय, कोणी खांबावरून आत्ता पडतो की मग पडतो अशा बेताला आलाय, वर पंखवाली बाळं चक्क उलटी टांगलेली. उलट्या बाळाचा उजवा कुठला, तुम्हीच सांगा.

तेवढ्यात लेकीला फोन आला आणि ती बाहेर गेली. मी त्यातल्या त्यात शांत चेहऱ्याचा एक संत निवडला. पायाशी फुलदाणी होती, दाराशी दगडी भांड्यात त्यांचं तीर्थ होतं. दोन पाकळ्या भिजवल्या, दोन पावलांवर चिकटवल्या आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, तू खंयचो, मी खंयची! तरी तुज्या दारात उबी आसंय. माका घराक जावचा आसात तर उजवी दी." आता 'व्हय म्हाराजा' म्हणायला मागे माणसं लागतात. नव्हती, म्हणून मीच म्हटलं, जरा जोरातच. वरच्या घुमटानं ते इतक्या वेळा परत म्हटलं, की अख्खा गाव मागे उभा आहे असं वाटलं.

एक पाकळी पडली. मी बघते तर संतानं पायावर पाय टाकलेला, वर घोळदार झगा. पडली ती उजव्या पावलावरची की डाव्या? मी वाकून शोधतेय तोवर तिथली देखरेखीची बाई धावत आली, मागून लेक. मला सगळं सांगावं लागलं. वाटलं, लेक लाजेनं मरेल. पण तिनं त्यांच्या भाषेत त्या बाईला काहीतरी सांगितलं. बाईनं चष्मा लावला, गुडघे टेकले, आणि आम्ही तिघी संताच्या झग्याखाली डोकं घालून पाय मोजायला लागलो. शेवटी बाईनं स्वतःच्या उजव्या मांडीवर थाप मारली. उजवा!

बाहेर पायरीवर लेक माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "देवाक इचारलंस, माका खंय इचारलंस?" तिनं नाक पुसलं. "जा गो आये. तिकीट काढतंय मी."

आता मी मालवणात आहे, दुकानाच्या फळीवर बसून हे लिहिते आहे. तुमच्यापर्यंत जाणारं टपाल नाही, तेही बरंच. कौल मला हवा तोच मिळाला. पण बाबा, त्या पायरीवर तिनं आणखी एकदा नुसतं 'रव' म्हटलं असतं ना, तर मी राहिले असते.