सासरेबुवा आणि माझे विषखाऊ जंतू

प्रिय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. तुमच्या गुडघ्याची सूज आणि वहिनींचा पारा दोन्ही उतरणीला लागली असतील, अशी आशा. आम्ही मजेत (म्हणजे तुमची बहीण माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे).

कारण, मागच्या अंगणातली माती. आधीच्या मालकाने गुलाबांवर इतकं कीटकनाशक ओतलंय की तिथून मुंगीसुद्धा नाक दाबून जाते. तपासणीत ते उघड झालं आणि तुमच्या बहिणीने फर्मान काढलं : पुढच्या तपासणीत माती पास झाली तर भाजी लावा, नाहीतर सरळ फरशी घाला. तपासणीवाल्या बाई भल्या. म्हणाल्या, "घाबरता कशाला? मुरलेलं कंपोस्ट कालवा. त्यातले जंतू ते विष फोडून खातात." पुढ्यात येईल ते मुकाट खाणारं कुणी आमच्या घरात प्रथमच येणार होतं (तुमच्या भाच्यांना दुधी वाढून पाहा). मी गल्लीभर हिंडून साली, देठं, चहाचा चोथा गोळा केला. माझ्या हातातली बादली बघून शेजारच्या वकिलाने हळूच विचारलं, "नोकरी गेली का हो?" पण खत काळंभोर मुरलं. मातीत कालवलं, ओलं ठेवलं. गांडुळं आली, किडे आले, मला गहिवरून आलं.

इथे तुमच्या तीर्थरूपांचा प्रवेश. ते सध्या आमच्याकडे मुक्कामाला आहेत, हे तुम्हाला आठवत असेलच (नसलं तरी आहेत). गोदामांतली झुरळं मारण्यात हयात गेलेला माणूस. काही वळवळलं की हात पंपाकडे जातो. आम्ही बाजारात गेलो आणि त्यांनी माझ्या वाफ्यावर यथासांग फवारणी उरकली. विष खायला पाळलेल्यांना विष! मी परतलो तर घाम पुसत म्हणाले, "जावईबापू, केवढे किडे झाले होते! एक शिल्लक ठेवला नाही. आभार मानू नका." मी मानले. सासरे पडले.

बाई फोनवर आधी पोटभर हसल्या, मग म्हणाल्या, "पुन्हा खत घाला, धीर धरा आणि पंप लपवा." लपवला. सासऱ्यांनी नवा आणला. तुमच्या बहिणीने फरशीचे नमुने मागवलेत.

तुमचा,
तूर्तास बिनभाजीचा भावोजी

ता. क. माती पास होईपर्यंत बाबांना तुमच्याकडे न्या. पत्र त्यासाठीच होतं. गुडघा आपला ओघात आला.

आणखी एक. बाबांनी हे माझ्या खांद्यावरून वाचलं. रुसतील वाटलं, तर उलट खूश! "त्याच्याकडे झाडं आहेत का?" म्हणाले. वहिनींच्या कुंड्यांनी गच्ची भरलीय, असं मी सांगून टाकलं. ते बॅग भरतायत. पंप आत गेलाय. कपडे मावले तर बघू, म्हणतात.