अर्धं पाणी संपलं की मागं

ओडेल,

उजाडायच्या आत निघतेय, वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानात, झऱ्याच्या वाटेनं. गेल्या वर्षी मी ऐनवेळी वाट बदलली आणि तू भलत्याच घळीत मला शोधता शोधता उन्हानं कोसळलास. यंदा निवडुंगांना कितीही फुलं दिसोत, वाट सोडणार नाही. पाद्रीबाबा रविवारी गाऊन सांगतात ते प्रवचन त्यांच्याच चालीत गात चालेन. गाताना धाप लागली की सावलीत बसेन, अर्धं पाणी संपलं की असेन तिथून परत फिरेन. दुपारपर्यंत आले नाही तर रेंजरला फोन कर. स्वतः निघू नकोस, हट्ट्या!

आणि काल रात्री "एकटी जा नि मर तिकडं" म्हणालास ना? मग माझ्या बुटांशेजारी पाण्याच्या बाटल्या काय मांजरीनं भरून ठेवल्या?

देव तुझं भलं करो.

व्हर्नाताई